पेपर फुटला नव्हता

मार्च उजाडला की वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर कुठेतरी पेपर फुटल्याची बातमी येतेच. यंदाही आली. सकाळी खुटबावच्या घरी ओट्यावर चहा घेत बसले होते. समोरच्या वावरात कांदाकाढणी चालली होती. बायका ओळीनं बसून पात कापत होत्या आणि तो तिखट, ओलसर वास वाऱ्याबरोबर थेट कपात उतरत होता. बातमी मी शेवटच्या ओळीपर्यंत वाचली. नेहमीच वाचते. कुठल्या केंद्रावर फुटला, कुणी फोडला, कुणाला धरलं. आणि दर वेळी मनात एकच येतं, की खरंच फुटला होता का? का मुलं पास झालेली कुणाला तरी बघवली नव्हती?

वय झालं की माणूस निवळतं म्हणतात. मी काही निवळले नाही. माझ्या बरोबरीच्या मैत्रिणी कुणाकुणाला माफ करून मोकळ्या झाल्या. सासूला, जावेला, पाठच्या भावाला. त्यांच्या चेहऱ्यावर एक सैलपणा आला आहे. मला ते जमलं नाही, आणि मी तसा प्रयत्नही केला नाही. माझा राग कांदाकाढणीच्या, परीक्षांच्या, कडुलिंबाला बारीक पांढरा मोहर येतो त्या दिवसांतला आहे. दरवर्षी ह्या दिवसांत तो ताजा होऊन येतो आणि मी त्याला घरच्या माणसासारखी जागा देते.

दोन हजार सालाच्या आगेमागे शिरूर तालुक्यात, इनामगावाच्या अलीकडे, घोड नदीजवळच्या एका माळावर एक इंटरनॅशनल स्कूल उभं राहिलं. मी त्याची पहिली प्रिन्सिपल. त्याआधी बरीच वर्षं मी पुण्यातल्या इंग्रजी शाळेत शिकवत होते. रांजणगावच्या बाजूला तेव्हा मोठे कारखाने आले होते. त्यांच्याबरोबर परदेशी इंजिनिअर आले, त्यांचे संसार आले, आणि त्यांच्या मुलांना शाळा हवी होती. हे पहिल्यांदा हेरलं ते तात्यासाहेबांनी. ऊस, पोल्ट्री, पतसंस्था, सगळीकडे त्यांचाच शब्द चालायचा. पांढरे स्वच्छ कपडे, हळू आवाज, समोरच्याला आधी पाणी देण्याची पद्धत. ते पुण्याला माझ्या घरी आले आणि म्हणाले, "मॅडम, आपल्या मातीत जगातली शाळा करायचीय. तुम्ही आपल्या भागातल्या. तुम्हीच पाहिजे."

मी भुलले असं म्हणणार नाही. मला ते काम हवंच होतं.

माळ गायरानाचा होता. गायरान म्हणजे गावच्या जनावरांची चराई, आणि त्या माळावर पिढ्यान्‌पिढ्या चरली ती धनगरवस्तीवरची मेंढरं. वस्तीतली बहुतेक घरं आता शेतीला लागली होती. विहिरी झाल्या होत्या, कांदा होता, थोडा ऊस होता. तरी काहींनी मेंढरं सोडली नव्हती, आणि त्यांत पहिले म्हाकूआबा. वस्तीचे सगळ्यांत वडीलधारे. उंच, वाळलेले, डोक्याला तांबडं मुंडासं, उन्हाळ्यातही खांद्यावर घोंगडी. गायरान तात्यासाहेब चेअरमन असलेल्या शिक्षणसंस्थेला द्यायचं की नाही यावर मारुतीच्या देवळापुढं ग्रामसभा बसली, तेव्हा सगळी सभा आबांच्या तोंडाकडं बघत होती.

आबा उठले आणि म्हणाले, "शाळा झाली तर आमची पोरं त्यात बसतील का, का नुसती बाहेरनं बघतील?"

"पहिल्या बाकावर बसतील," तात्यासाहेब म्हणाले.

"आन् मेंढरं पाण्याला नदीवर जात्यात, ती वाट?"

"मागं गेट ठेवू. मेंढरं त्या गेटातून जातील. कायम."

आबा खाली बसले नाहीत. तेव्हा तात्यासाहेबांनी माझ्याकडं हात केला. "ह्या मॅडम शाळा चालवणार. मी राजकारणातला माणूस, माझं सोडा. ह्या तुम्हाला शब्द देतील."

मी उठले आणि सगळ्या गावासमोर शब्द दिला. गाव त्या शब्दावर गेलं. माझ्या पुढच्या सगळ्या रागाचं मूळ तिथं आहे. मला फसवलं असतं तर ते मी गिळलं असतं कदाचित. माझ्या तोंडून गावाला फसवलं गेलं.

पण ती चार वर्षं. त्यांची आठवण कशी सांगू? शनिवार म्हटलं की अजून माझ्या नाकात ओल्या लोकरीचा वास येतो. शनिवारी आमच्या शाळेत वर्ग नसायचे, गाव असायचं. पालकांनी नुसतं मूल आणून सोडायचं नाही, आठवड्यातून एकदा स्वतः यायचं आणि आपल्याला जे येतं ते करायचं, हा माझा नियम होता. वस्तीतल्या बायका जात्यावर बसायच्या आणि जर्मन मुलं खुंटा धरून त्यांच्याबरोबर दळायची. आबा मेंढरांची लोकर कातरून दाखवायचे, आणि कातरलेलं मेंढरू नागडं होऊन पळालं की सगळी शाळा हसायची. मिनजी नावाची एक कोरियन आई होती. तिचा नवरा कारखान्यात होता. ती आपल्याकडच्या मुळ्यांचं तिच्या पद्धतीनं आंबवलेलं लोणचं घालायची. पहिल्या वर्षी वस्तीतल्या बायकांनी ते नाक दाबून खाल्लं. दुसऱ्या वर्षी त्या बरण्या घेऊन आल्या.

आणि मनीषा. आबांची नात. पहिल्या दिवशी ती पहिल्या बाकावर बसली, कारण आबांनी तिला तसं सांगून पाठवलं होतं. कुणी उठवलं तरी उठायची नाही. तेल लावून चापून घातलेल्या दोन वेण्या, मोठे काळेभोर डोळे. मिनजीच्या मुलीशी तिची गट्टी जमली. दोघी आधी एक तिसरीच भाषा बोलायच्या, तीत मराठी होती, इंग्रजी होती, कोरियन होती आणि मेंढरांना हाकायचे आवाज होते. हळूहळू त्यातून मनीषाचं इंग्रजी निघालं, वाहत्या पाण्यासारखं. शाळेच्या माहितीपत्रकाच्या पहिल्या पानावर तात्यासाहेबांनी तिचाच फोटो छापला होता.

चौथ्या वर्षी, फेब्रुवारीत, परदेशी बोर्डाचे दोन तपासनीस आले. एक वयस्कर बाई आणि एक तरुण गृहस्थ. त्यांच्या मान्यतेवर सगळं अवलंबून होतं. त्यांनी प्रयोगशाळा पाहिली, ग्रंथालय पाहिलं आणि शनिवारी गाव पाहिलं. सकाळी अजून गारवा होता, तेव्हा आबांनी आपली घोंगडी काढून त्या बाईंच्या खांद्यावर टाकली. बाई दिवसभर तीच पांघरून हिंडल्या. जाताना मला म्हणाल्या, "शाळेच्या आत अख्खं गाव असलेली शाळा मी पहिल्यांदा पाहिली."

महिन्याभरात मान्यता मिळाली. पेढे वाटले. आणि पेढ्यांचा तो बॉक्स टेबलावर उघडाच होता, तेव्हा तात्यासाहेबांनी मला बोलावून घेतलं.

"मॅडम, आता पुण्याहून अर्ज येतायत. मोठ्या घरचे लोक आहेत. ते येऊन बघतात आणि विचारतात, हे वस्तीवरचे कोण?"

"हे शाळेचे मालक," मी म्हणाले.

ते हसले. "तुम्ही भावनेत जाता. दर्जा नावाची गोष्ट असते. आपण कुणाला काढत नाही आहोत. एक इंग्रजीची परीक्षा ठेवू. बाहेरचा माणूस बोलवून घेऊ. पास होतील ते राहतील. यात अन्याय कुठं आला?"

मला कळलं की त्यांनी नापासांची संख्या मनात आधीच धरली आहे. सगळेच्या सगळे. परीक्षा एप्रिलच्या मध्याला ठरली, आणि ती फक्त गावातल्या मुलांची होती.

तोच तो हंगाम. रोज दुपारी शाळा सुटली की मी वस्तीवर जायची. बिरोबाच्या देवळाशेजारी एक जुना कडुलिंब होता, त्याच्या सावलीत मुलं बसायची. माळ तापलेला असायचा. वारा सुटला की कांद्याची सुकी टरफलं उडत येऊन वह्यांवर बसायची आणि वरून लिंबाचा मोहर पडत राहायचा. मुलांच्या केसांत, शाईच्या अक्षरांवर, माझ्या मांडीवर. नदीचं पाणी आटून मधल्या डोहापुरतं राहिलं होतं. आया रानातून यायच्या, हाताला कांद्याचा वास, आणि मागं उभ्या राहून ऐकायच्या. एक शब्द कळत नसला तरी जागच्या हलायच्या नाहीत. मुलांना समजलं होतं की हे काहीतरी वेगळं आहे. खेळाची सुट्टी मागायला कुणी आलं नाही. मनीषा लहान मुलांना वाचून दाखवायची आणि त्यांचं चुकलं की अगदी माझ्यासारखी भुवई वर करायची.

परीक्षा झाली. बाहेरचा परीक्षक आला होता, त्यानंच पेपर आणला, त्यानंच तपासला. सगळी मुलं पास झाली. मनीषा सगळ्यांत पुढं होती.

तो दिवस मी आयुष्यात कधी विसरणार नाही असं मला वाटलं होतं, आनंदाचा म्हणून. विसरले नाहीच.

दोन दिवसांनी पालकसभा होती. मी मंचावर होते. पुण्याहून आलेले नवे पालक पुढच्या खुर्च्यांवर, परदेशी पालक त्यांच्या शेजारी, वस्ती मागं सतरंजीवर. तात्यासाहेब उठले, नेहमीसारखं हळू आवाजात बोलले. "एक दुःखाची गोष्ट सांगावी लागतेय. आपल्या शाळेत पेपर फुटला. ज्या मुलांना घरात इंग्रजीचा गंध नाही, ती सगळीच्या सगळी पास होऊ शकत नाहीत. हे तुम्हाला आम्हाला सगळ्यांना कळतं. प्रिन्सिपल मॅडमनी मायेपोटी केलं असेल. पण संस्थेला त्यांना जा म्हणावं लागतंय. निकाल रद्द आहे."

मी उठून बोलायला लागले तर माइक बंद झाला होता. माझा आवाज दुसऱ्या रांगेपर्यंतही गेला नसेल. पुढच्या खुर्च्यांवरच्या माणसांनी माझ्याकडं ज्या नजरेनं पाहिलं, ती नजर मला पाठ आहे. पण त्याहून जास्त पाठ आहे ती मागची सतरंजी. मनीषा उभी होती. तिला 'फुटला' हा शब्द कळत होता. ती आबांना विचारत होती, "आबा, मी काय केलं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मला गेटातच अडवलं. वॉचमन पांडू वस्तीवरचाच, आबांच्या चुलत भावाचा मुलगा. तो माझ्याकडं बघेना. "बाई, आत सोडू नका म्हणून सांगितलंय," म्हणाला. आतमध्ये फळीवरच्या माझ्या नावावर एकजण पांढरा रंग देत होता. महिना गेला नाही तोच गावातल्या मुलांची नावं कमी झाली आणि मागच्या गेटाला कुलूप लागलं. मेंढरांना नदीवर जायला दोन मैलांचा वळसा पडू लागला.

मी खुटबावला भावाकडं, अण्णांकडं, आले. भीमा ओलांडून ह्या बाजूला, दौंड तालुक्यात. त्यांच्या वावरात कांदे साठवायची चाळ होती, तिचा अर्धा भाग मोकळा करून मी त्यात वर्ग भरवायला लागले. आबा स्वतः मनीषाला घेऊन आले. तिची पत्र्याची पेटी ओट्यावर ठेवली आणि म्हणाले, "हिला तुमच्याच हाताखाली शिकवा. तिकडं पोरं हिला 'पेपरवाली' म्हणत्यात."

मनीषा माझ्या घरी राहिली. पहिले दोन-तीन महिने ती एकही इंग्रजी शब्द बोलली नाही. मी विचारलं की मराठीत उत्तर द्यायची. एवढं चांगलं यायला लागलं की लोक चोर म्हणतात, असा तिनं आपल्यापुरता अर्थ लावला होता. माझी बदनामी मी सोसली असती. शिरूरच्या एसटी स्टँडवर एका ओळखीच्या पालकानं मला पाहून रस्ता ओलांडला, न्हावऱ्याच्या चहाच्या टपरीवर कुणीतरी "त्याच त्या पेपर फोडणाऱ्या बाई" असं कुजबुजलं, ते सगळं सोसलं असतं. पण त्या पोरीच्या तोंडातली भाषा तात्यासाहेबांनी काढून घेतली होती, आणि ते मी सोसणार नव्हते.

अण्णा म्हणायचे, "सोड आता. तो मोठा माणूस. आपण आपलं करू."

"करतेच आहे आपलं," मी म्हणायची.

आतल्या आत मी वाट बघत होते. कशाची ते मलाही माहीत नव्हतं. राग ठेवायला शिस्त लागते. मी वेळेवर उठायची, वेळेवर शिकवायची, नीट जेवायची. मला आजारी पडायचं नव्हतं.

पुढच्या फेब्रुवारीत मिनजी गाडी करून खुटबावला आली. माझ्या जाण्यावर शाळेत तिनं फार वाद घातला होता, पण नवऱ्याची नोकरी होती आणि दुसरी शाळा जवळ नव्हती, म्हणून मुलीला तिथंच ठेवलं होतं. ती म्हणाली, "बोर्डाचे तेच दोघं पुढच्या महिन्यात परत येतायत. वर्षानंतरची पाहणी. त्यांनी कळवलंय की गावाला भेटायचंय. चेअरमन घाबरलाय. गाव कुठून आणणार?"

मी त्याच दिवशी चौफुल्याहून एसटी धरली आणि न्हावऱ्यामार्गे वस्तीवर गेले. आबा लिंबाखाली लोकर कातरत बसले होते.

"आबा, मेंढरं पाण्याला कुठून न्यायची ठरलं होतं?"

"शाळंच्या मागल्या गेटानं."

"ते बंद असलं तर?"

कातर थांबली. आबांनी माझ्याकडं निरखून पाहिलं. मग परत कातरायला लागले. "तर मग पुढल्यानं," ते म्हणाले. "वाट तर आमची हायच."

पाहणीच्या दिवशी मी गेटासमोरच्या रस्त्याच्या पलीकडं, बाभळीखाली उभी होते. लपून नव्हते. ऊन चढत होतं, कुठंतरी गुऱ्हाळाचा गोड धूर येत होता. आत काय चाललं होतं ते मिनजीनं मला नंतर सांगितलं, आणि मी ते तिच्याकडून कितीतरी वेळा ऐकून घेतलं. तात्यासाहेबांनी आपल्या पोल्ट्रीवरच्या कामगारांना नवीन धोतरं आणि फेटे देऊन सतरंजीवर बसवलं होतं. गाव म्हणून तेच. त्यातले अर्धे बिहारचे होते. तरुण तपासनिसानं एकाला दुभाष्यातर्फे विचारलं की तुमचं मूल कितवीत आहे, तर त्यानं हिंदीत सांगितलं की मूल मोतिहारीला आहे. बाईंनी आजूबाजूला पाहिलं आणि विचारलं, "ते मेंढपाळ आजोबा कुठं आहेत? त्यांनी मला घोंगडी दिली होती."

तात्यासाहेबांनी मान खाली घातली आणि हात जोडून म्हणाले, "ते वारले. पावसाळ्यातच. आम्हाला सगळ्यांना फार दुःख झालं."

त्याच वेळी पांडूनं पुढचं गेट सताड उघडलं. त्याला कुणी सांगितलं नव्हतं, किंवा आबांनी सांगितलं असेल, मी कधी विचारलं नाही. आधी घंटांचा आवाज आला, मग धूळ, मग मेंढरं. वस्तीवरच्या सगळ्या घरांची, एकत्र. ती रस्त्यावरून वळली आणि पाणी भरावं तशी शाळेत भरली. फुटबॉलसाठी टँकरनं पाणी घालून वाढवलेल्या हिरव्यागार लॉनवर ती पोचली आणि तिथून हलायला तयार होईनात. गुलाबाचे वाफे, कुंड्या, शोभेची झाडं, सगळ्याला तोंडं लागली. आणि त्यांच्या मागून, तांबडं मुंडासं बांधून, हातात काठी घेऊन, म्हाकूआबा चालत आले. सावकाश. पाहुण्या बाईंसमोर थांबले, राम राम केला, आणि मेंढरांकडं हात करून म्हणाले, "पाण्याला चाललूया. मागलं गेट बंद हाय."

दुभाष्यानं ते इंग्रजीत सांगितलं. बाईंनी तात्यासाहेबांकडं पाहिलं. फक्त गवत तोडल्याचा आवाज येत होता.

मी रस्त्यापलीकडून पाहत होते. पांढरे कपडे घातलेला तो माणूस मेंढरांच्या मधोमध उभा होता आणि त्याला कुठल्याच बाजूला जाता येत नव्हतं. मला वाईट वाटलं का? नाही. अजूनही वाटत नाही. कधी झोप येत नसेल तर मी डोळे मिटून तो देखावा परत आणते. कुणी देवाचं नाव घेतं, मी हे करते.

मान्यता गेली. परदेशी मुलं पुण्याला गेली, त्यांच्या मागोमाग पुण्याची मुलंही गेली. आणि एप्रिलच्या सुरुवातीला, चाळीत माझा वर्ग चालू असताना, तात्यासाहेबांची गाडी वावराच्या बांधाला लागली. मी मुलांना शुद्धलेखन घातलं होतं. ते संपेपर्यंत त्यांना उन्हात उभं ठेवलं.

"मॅडम," ते म्हणाले, "बोर्ड म्हणतं, पहिल्या प्रिन्सिपल परत आल्या आणि गाव परत आलं तर ते पुन्हा विचार करतील. झालं गेलं विसरून जाऊ."

"मागच्या गेटाचं कुलूप काढा," मी म्हणाले. "गावातल्या मुलांना परत घ्या, फुकट, कायमचं, आणि हे ग्रामसभेत सांगा. आणि पेपराचं काय झालं होतं ते त्याच सभेत, स्वतःच्या तोंडानं सांगा."

"ते आपण इथं बसून मिटवू की. मी तुमची माफी मागतो."

"इथं माझी बदनामी झाली नव्हती."

त्यांनी ढिगातला एक कांदा उचलला आणि परत ठेवला. मग "बरं" म्हणाले. एवढ्यावर मी परत येणार असं त्यांनी धरलं. मी तसं म्हटलं नव्हतं. त्यांनी धरलं ते मी धरू दिलं.

सभेला मी मनीषाला घेऊन गेले. ती आज दौंडला रेल्वेच्या ऑफिसात आहे. फोनवर इंग्रजीत बोलते तेव्हा मी नुसती ऐकत बसते. त्या संध्याकाळी मात्र ती माझ्या हाताला धरून चालत होती आणि तळवा घामानं ओला होता. मारुतीच्या देवळापुढं पूर्ण गाव जमलं होतं. लोडशेडिंगमुळं माइक नव्हता. ऊन कलल्यावर देवळाच्या पायऱ्या अजून गरम होत्या. आबा मुद्दाम सगळ्यांत मागं, पाराला टेकून बसले होते. आम्ही दोघी त्यांच्या शेजारी बसलो.

तात्यासाहेबांनी आधी मुलांचं सांगितलं, गेटाचं सांगितलं. लोकांनी माना डोलावल्या. मग ते म्हणाले, "मागच्या वर्षी त्या परीक्षेचं जे झालं, त्यात थोडा गैरसमज झाला होता."

मागून आबा म्हणाले, "तात्या, ऐकू न्हाई आलं."

तात्यासाहेबांनी घसा खाकरला. "पेपर फुटला नव्हता."

"वारं हाय," आबा म्हणाले. "अजून न्हाई आलं."

वारा नव्हता. देवळावरचा भगवा सरळ खाली लोंबत होता. सगळी सभा वळून आबांकडं बघत होती आणि कुणी हसत नव्हतं. तात्यासाहेब चार पावलं पुढं आले. त्यांच्या मानेवरची शीर मला इतक्या लांबून दिसत होती. ते मोठ्यानं बोलले, मी त्यांना तेवढ्या मोठ्यानं बोलताना कधीच ऐकलं नव्हतं. "पेपर फुटला नव्हता. पोरं आपल्या अभ्यासानं पास झाली होती. मॅडमनी काही केलं नव्हतं. मी खोटं बोललो."

मनीषानं माझा हात सोडला. तिनं आपला तळवा परकराला पुसला आणि सरळ बसली.

सभा उठल्यावर तात्यासाहेब माझ्याजवळ आले. कपाळावरचा घाम पुसत म्हणाले, "झालं तुमच्या मनासारखं. सोमवारपासून या. गाडी पाठवतो."

"कुठं?"

"शाळेत."

"मला माझी शाळा आहे, तात्यासाहेब," मी म्हणाले. "तुमच्याकडं येते असं मी कधीच म्हटलं नव्हतं."

ज्या माणसानं मला सगळ्यांसमोर माइक बंद करून उभं केलं होतं, तो पाठ फिरवून गाडीकडं निघाला. ती शाळा पुढं साध्या बोर्डाची झाली आणि गावाच्या पोरांनी भरली. तिला जगातली शाळा करायचं त्यांचं स्वप्न मात्र मी तिथं, त्या पारापाशी, माझ्या हातानं संपवलं. मी पुन्हा केलं असतं.

वस्तीकडं जाताना मनीषा पुढं पळाली. आबा आणि मी मागं चालत होतो. माळावर मेंढरं वाड्यात घातल्याचे आवाज येत होते. मी विचारलं, "आबा, पहिल्यांदा खरंच ऐकू आलं नव्हतं?"

आबांनी काठी दुसऱ्या हातात घेतली. "आलं व्हतं की," ते म्हणाले. "पर तुमाला पोटभर ऐकायचं व्हतं न्हवं?"